आंबट वासाचा मार्गशीर्ष

आज मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी. आंबिलीसाठी जोंधळ्याचं पीठ चाळायला घेतलं आहे. परवा वेळा अमावास्या, बोलण्यातली येळवस. परवा गावात कोणी राहणार नाही, सगळं गाव शेतात जेवायला. पीठ शिजवायचं, निववायचं, ताकात कालवायचं, लसूण-जिरं वाटून लावायचं आणि मडक्याच्या तोंडाला फडकं बांधून आंबायला सोडून द्यायचं. काम सोपं आहे. मी मात्र मडकं घरात ठेवत नाही, गोठ्यात ठेवते. कोणी विचारलं तर सांगते, गोठ्यात ऊब असते. तेही खरंच आहे.

वासाचं असं असतं की तो विचारून येत नाही. चाळणीतून पीठ पडतं तेव्हा त्याला कोरडा, गोडसर वास असतो. त्यात काही धोका नाही. ताक पडलं की दुसऱ्या दिवसापासून तो बदलतो. शिंदीचंही तसंच. पहाटे झाडावरून उतरवलेलं गाडगं तोंडाला लावलं तर लेकरानं प्यावी इतकी गोड लागते. ऊन चढलं की तिला फेस येतो. दुपारपर्यंत तिला भिजलेल्या पोत्यासारखा वास सुटतो, आणि ज्याला सवय आहे त्याला तोच बरा वाटतो. मला वाटायचा. आता राज्य बदललं, कचेरीवरचा झेंडा बदलला, निजामाच्या हाली शिक्क्यांचं पुढं काय होणार म्हणून लोक काळजीत आहेत. ओढ्याकाठची शिंदीची झाडं होती तिथंच उभी आहेत. पाण्याला गेले की त्या बाजूनं मी खाली बघून चालते.

हे ओसरीवर हरभऱ्याचे घाटे सोलत बसले आहेत, परवाच्या भज्जीसाठी. भज्जी म्हणजे येळवशीची ती सगळ्या ओल्या दाण्यांची आंबट पातळ भाजी. यांची बोटं आता थरथरत नाहीत. तरी एखादा दाणा हातातून निसटला की आम्ही दोघंही त्याच्याकडं बघतो, आणि मग दोघंही दुसरीकडं बघतो. हे आता पीत नाहीत. कधीपासून, ते मी मोजत नाही.

ज्या मार्गशीर्षाबद्दल लिहिते आहे, तेव्हा विलायतेत लढाई चालू होती आणि इकडं रॉकेल मिळेनासं झालं होतं. आम्ही सास्तूरच्या बाजूला राहत होतो. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावानं माझं काही वाईट केलेलं नाही. हे शिंदीच्या गुत्त्यावर कामाला होते. झाडांवरून उतरलेल्या घागरी मोजून घ्यायच्या, कोणी पाणी घातलं आहे का ते चाखून बघायचं आणि दुकानात पाठवायच्या. चाखणं हे कामच होतं. माणूस दिवसभर चाखत राहिला की संध्याकाळी काय होतं, ते गुत्तेदाराला ठाऊक होतं आणि मलाही. मी बार्शीकडची, इंग्रजी अमलातली, मराठी चौथी शिकलेली. सुरुवातीला यांचं धोतर मी नाक दाबून धुवायची.

मग आमचा मुलगा गेला. दात यायच्या आधीच गेला. त्याच्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही, कारण शिंदीचं खापर त्या लेकराच्या माथ्यावर फोडायची मला लाज वाटते. पुष्कळ बायांची लेकरं जातात. त्या काही पीत नाहीत. मला झोप येत नव्हती. सुईण म्हणाली, घोटभर घे, अंग हलकं होईल. यांनी तांब्याभर आणली. मी घेतली. अंग हलकं झालं. दुसऱ्या दिवशी सुईण आली नव्हती, तरी घेतली.

यांच्याबरोबर पिण्यात सुख होतं. हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहिणं खोटं ठरेल. परसात बाभळीखाली बसायचो. तांब्या एक, फुलपात्री दोन. हे एरवी घरात चार शब्द बोलणारे नव्हते. तिथं बसले की गुत्त्यावरच्या माणसांच्या नकला करायचे, मी पोट धरून हसायची. आमच्यात भांडण म्हणून नव्हतं. संसारातलं सगळ्यात जास्त बोलणं त्या दोन-तीन वर्षांत झालं, आणि त्यातलं एक वाक्य मला आज आठवत नाही.

गावाला माहीत होतं. पुरुष प्याला तर लोक म्हणतात, पितो. बाई प्याली तर तिच्याबद्दल बोलायला लोकांना दुसरं काही उरत नाही. मी विहिरीवर गेले की बाया आपापल्या घागरी जरा सरकवून घ्यायच्या.

“पारू, घागर भरलीस का रिकामीच डोलायली?” एक जण म्हणायची.

“घागर न्हाय गं डोलत,” दुसरी म्हणायची.

हसायच्या. मीही हसायची. आपण हसलं की लवकर संपतं.

गोदी, आमची मुलगी, तेव्हा सात वर्षांची होती. माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांना सगळे अक्का म्हणतात, कोसभरावरच्या गावात राहायच्या. दिवाळीच्या पाडव्याला अक्का करंज्या घेऊन आल्या, भर दुपारी. दारात गोदी उभी होती. तिनं तोंडावर बोट ठेवलं.

“थोरली आई, हळू. आईला दुपारी हलवायचं नसतं.”

अक्कांनी आत पाहिलं. चूल थंड, मी भिंतीशी आडवी पडलेली, तोंडावर माशा. हे परसात पडलेले. अक्का ओरडल्या नाहीत. करंज्या फळीवर ठेवल्या, गोदीचे दोन परकर धडप्यात बांधले आणि तिला घेऊन गेल्या. हे सगळं मला मागाहून कळलं. मी उठले तेव्हा शेजाऱ्यांकडं दिवे लागले होते. फळीवर करंज्या होत्या, पोर नव्हती.

दुसऱ्या दिवशी अक्कांकडं गेले. तोंड धुऊन, केस विंचरून, चांगलं लुगडं नेसून गेले. लुगडं बघून कोणी पोर देत नाही, हे वाटेत कळत होतं.

“गोदीला न्यायला आले,” मी म्हणाले.

अक्का गोवऱ्या थापत होत्या. हात थांबला नाही. “ने की. तुझी हाय, म्या ठेवून काय करू? पर आधी दोघांनी भंडारा उचला. अणदूरच्या खंडोबापुढं. येळवशीपतूर तोंडाला लावली न्हाय, तर रानात सगळ्यांदेखत पोर तुझ्या हातात दीन.”

“आणि आमच्यातल्या एकानंच पाळलं तर?”

“एका घरात एक पितंय अन् एक बघत बसतंय, असं कुठं असतंय व्हय?” अक्का म्हणाल्या. “दोघं. न्हायतर पोर हितंच ऱ्हाईल.”

गोदी आतून बघत होती. बाहेर आली नाही. मी हाकही मारली नाही.

खंडोबा हे आमच्या सासरचं कुळदैवत. भंडारा उचलणं म्हणजे त्याच्यापुढची हळद तळहातावर घेऊन दिलेला शब्द. तो मोडला तर घराचं वाटोळं होतं असं लोक मानतात, आणि मोडणारेही मानतात. मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी, देवदिवाळीला, अणदूरला जत्रा असते. त्या जत्रेला जायचं ठरलं. तोवर दिवाळीनंतरचे दिवस आम्ही रोज थोडी कमी घेऊ, थोडी कमी घेऊ, असं म्हणत रोज तेवढीच घेतली.

निघायच्या दिवशी सकाळी हे म्हणाले, बैलाचा खूर दुखावला आहे. गाडी मागून आणलेली, बैल दुसऱ्याचा. दुसऱ्या दिवशी बैल नीट चालला. वाटेत प्यायची नाही असं मीच ठरवलं होतं, त्यामुळं त्या थंडीत मला घाम फुटत होता आणि चाकाचा प्रत्येक आवाज डोक्यात खिळ्यासारखा जात होता. अणदूरला पोचलो तेव्हा जत्रा पांगली होती. रस्ता पिवळा, पायऱ्या पिवळ्या, एक कुत्रं पडलं होतं त्याची पाठही पिवळी. देवळात शुकशुकाट. मला ते बरंच वाटलं. लोक असते तर मी पायरी चढले नसते.

पदर नाकापर्यंत ओढून गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसले. वर पाहिलं नाही. देवाकडं बघायला तोंड नव्हतं. उंबऱ्याच्या खाचेतली हळद बोटानं गोळा केली, तळहातावर घेतली आणि जे बोलायचं ते बोलले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. शेजारी हे बोलले. त्यांचा आवाज मोठा होता, स्वच्छ होता. मला वाटलं, यांचं मन माझ्याहून घट्ट आहे.

पुढच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. ताप नसताना कापरं भरायचं. भिंतीवरून मुंग्यांची रांग चाललेली दिसायची, हात लावायला गेले की भिंत कोरी. मी दळण काढलं. घरचे जोंधळे संपले तर शेजारणीचे मागून आणून दळले. “आमच्या घरी फुकटचं जातं फिरवायला मानूस मिळालं, लई बरं झालं,” ती म्हणाली. म्हणू दे. जात्याच्या खुंट्याला हात घट्ट धरून ठेवता येतात, एवढंच मला हवं होतं.

संध्याकाळ वाईट. गुरं परतायची, धूर खाली बसायचा, थंडी वाढायची आणि आम्ही दोघं घरात एकमेकांसमोर. बोलायला काही नव्हतं.

“मीठ जास्त झालंय.”

“रोजच्याएवढंच आहे.”

“मग रोजच जास्त असतंय.”

असं चालायचं. बाभळीखालचा तो नकला करणारा माणूस कुठं गेला, असं मला वाटायचं. यांनाही माझ्याबद्दल तसंच वाटत असणार. ती हसणारी बाई त्यांनाही दिसत नव्हती.

हे कामावर जातच होते. दुसरं काम नव्हतं. “चाखतो अन् थुंकतो,” हे सांगायचे. हे घरी आले की पाणी देण्याच्या निमित्तानं मी जवळ जायची आणि श्वास आत ओढायची. मी झोपले आहे असं वाटलं की हे माझ्या तोंडाशी वाकायचे. मी डोळे मिटून पडून राहायची. चोराची राखण करावी तशी आम्ही एकमेकांची राखण केली. आणि त्यातली लाजेची गोष्ट वेगळीच. यांच्या तोंडाला वास नाही म्हणून मला बरं वाटायचं, तसं आतून वाईटही वाटायचं. यांनी घेतली असती तर शब्द मोडल्याचा दोष यांच्यावर गेला असता आणि मग मलाही घेता आली असती. पोर अक्कांकडं होती, आणि मी रोज संध्याकाळी नवऱ्यानं घसरावं म्हणून वाट बघत होते.

नवरा-बायकोनं मिळून एखादं व्यसन सोडलं की सोपं जातं, असं लोक म्हणतात. विहिरीत पडलेली दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन वर येऊ बघतात, तसं ते असतं. खालच्याचं काय होतं ते वरच्यानं बघायचं नसतं.

तरी एक पहाट आठवते. दोघांनाही झोप नव्हती, म्हणून दारात तुरीच्या काड्यांची शेकोटी करून बसलो होतो. समोरच्या रानात जोंधळा पोटरीत आला होता. पानांवरून दव गळत होतं, त्याचा आवाज येत होता इतकं सगळं शांत. हे म्हणाले, “असं रोज उठलो असतो तर आमच्या आईनं तुला सून म्हणून गावभर मिरवलं असतं.” मी म्हणाले, “आणि तुम्हाला?” “मला वळखलं नसतं,” हे म्हणाले. आम्ही हसलो. न पिता हसलो. ते वाक्य मला आठवतं.

येळवस आली. अक्कांच्या रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, केलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडवांचे दगड, पुढं नैवेद्य. आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर, अक्कांनी स्वतःच्या डोक्यावरून आणली. ती घरच्या बाईनं आणायची असते; मला कोणी धरायलासुद्धा दिली नाही. पुरुष पिकातून आंबील शिंपडत फिरले, त्या कानडी ओळी ओरडत, ज्यांचा अर्थ इकडं निम्म्या लोकांना लागत नाही. मग पंगत. बाजरीचे उंडे, भज्जी, खिचडा, आणि तांब्यामागून तांब्या आंबील. वाटेनं जाणाऱ्यालाही बोलावून पाजायची रीत. जेवणं झाल्यावर माणसं जागच्या जागी लवंडली.

अक्कांचे मालक, म्हणजे आमचे थोरले दीर, तोंड पुसत म्हणाले, “आज सगळ्यांच्या तोंडाला एकच वास. कोन पिलंय अन् कोन न्हाय, वळखून दावा बरं कुनी.”

सगळे हसले. मी यांच्याकडं पाहिलं.

हे प्याले की फार मऊ बोलतात. एरवी अक्कांशी एका शब्दावर दुसरा न वाढवणारा माणूस म्हणत होता, “वैनी, तुमच्या हाताला काय गोडी हाय हो. आई गेल्यापासून असं जेवलो न्हाय.” अक्कांचे डोळे भरले. त्यांना दीर सुधारला असं वाटलं. मला कळलं की यांनी रानात यायच्या आधीच घेतली आहे आणि वर्षातला एकच दिवस असा आहे की वासावरून ते कोणाला कळणार नाही. यांनी तो नेमका धरला होता.

अक्का उठल्या. गोदीला समोर घेतलं, तिच्या हातात गाठोडं दिलं आणि सगळ्यांदेखत तिचा हात माझ्या हातात ठेवला.

“धर बाई. पाळलं दोघांनी. म्या बोलले व्हते तसं करते.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. सगळं रान गप्प होऊन माझ्याकडं बघत होतं. ओठ उघडले असते तर पोर हातातून गेली असती. मी ओठ मिटून अक्कांच्या पाया पडले. अक्कांनी आशीर्वाद दिला.

दिवस कलताना निघालो. मागं पोरं पेटत्या पेंढ्या घेऊन रानाभोवती पळत होती. गोदी मधे चालत होती, गाठोडं पोटाशी धरून. मी म्हणाले, “दे, मी घेते.” ती म्हणाली, “असू दे, हलकं हाय.”

घरी आल्यावर मी दिवा लावला आणि यांना म्हणाले, “घेतलीत.”

“आंबील घेतली. समद्यांनीच घेतली.”

“मी अक्का नाही. मला ओळखू येतं.”

हे भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, “पारू, त्यो भंडारा लागू न्हाय.”

“म्हणजे?”

“देव नव्हता तिथं. जत्रा झाली की त्याच रात्री देवाला नळदुर्गाला नेतेत. पुसाच्या जत्रेपतूर त्यो तिकडंच. आपुन गेलो तवा गाभारा मोकळा व्हता.”

दोन गावांना मिळून खंडोबाची एकच मूर्ती आहे. ती वर्षाचा बराच काळ अणदूरला असते आणि मार्गशीर्षात नळदुर्गला जाते. मला हे माहीत नव्हतं असं नाही. सासरी येऊन इतकी वर्षं झाली होती, ऐकलं होतं. कधी नेतात ते ध्यानात राहिलं नव्हतं. त्या वर्षांत माझ्या ध्यानात फार काही राहत नव्हतं. आणि उंबऱ्याशी बसून मी वर पाहिलंच नव्हतं.

“तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?”

“बैलाचा खूर दुखत नव्हता.”

“मग तुम्ही उचललात कशाला?”

“म्या उचलला नसता तर तू बी उचलला नसतास. माझ्याच्यानं व्हायाचं न्हाय, ते मला ठावं व्हतं. खऱ्या देवापुढं खोटं कसं बोलू? तुझ्याच्यानं झालं असतं. झालं बी. पोर आली का न्हाय घरी?”

इथं मी काय केलं असेल असं वाचणाऱ्याला वाटतं, ते मी केलं नाही. मला राग आला नाही, रडू आलं नाही, नवऱ्याची कीव आली नाही. मनात पहिलं आलं ते हे, की म्हणजे माझाही भंडारा लागू नाही. जिभेखाली पाणी सुटलं. ज्या माणसाला स्वतःवर भरवसा नव्हता त्यानं माझ्यावर ठेवला होता, आणि तो बोलत असताना मी घरभर नजर फिरवत होते.

“कुठं आहे?” मी विचारलं.

“कणगीमागं,” हे म्हणाले.

गेले. कणगीमागं गाडगं होतं, वर झाकण. झाकण काढलं. तो वास आला आणि माझे खांदे खाली आले, दिवसभर उचललेलं ओझं उतरवावं तसे. मी गाडग्याला हात घालणार तोच मागं काहीतरी हललं. गोदी होती. पाण्याचा तांब्या जागेवर ठेवायला चालली होती. तिनं पायातल्या तोरड्या काढून परकरात खोचल्या होत्या, वाजू नयेत म्हणून, आणि ती चवड्यांवर चालत होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. दोन महिने अक्कांच्या अंगणात धावून आलेली पोर, या घरात शिरल्यावर दिवा लागून थोडाच वेळ झाला होता, आणि तिला सगळं कळलं होतं. तांब्या तिनं जमिनीवर इतका हळू टेकवला की आवाज झाला नाही. मग माझ्याकडं बघून ती जरा हसली, मला त्रास दिला नाही हे सांगितल्यासारखं.

मी झाकण घातलं. गाडगं फोडलं नाही, ओतून दिलं नाही. तेवढं बळ नव्हतं. फक्त झाकण घातलं.

गोदी यंदा सासरी गेली. परवा तिची सासू भेटली, कौतुकानं सांगत होती की पोरगी घरात वावरते पण तिचं पाऊल वाजत नाही, फार चांगलं वळण लावलंत. मी मान हलवली.

त्या येळवशीच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गोदीला उठवलं. हे झोपले होते. तिचं गाठोडं सोडलेलंच नव्हतं. त्यातच माझं एक लुगडं घातलं आणि निघाले. वाटेत एकदा मनात आलं, आधी नळदुर्गला जावं, देव आहे तिथं जाऊन नीट वर बघून पुन्हा भंडारा उचलावा. पण देव कुठल्याही गावी असला तरी कणगी आमच्याच घरात होती. मी वाट बदलली नाही. थंडी अशी होती की गोदीच्या बोलण्याची वाफ होत होती. कुठं चाललो, हे तिनं विचारलं नाही.

अक्का अंगण झाडत होत्या. आम्हाला बघून कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“काय गं? काल तर नेलीस.”

“यांनी काल घेतली होती,” मी म्हणाले. “रानात आले तेव्हाच घेतलेली होती. मला कळलं होतं, तरी मी तुमच्यापुढं गप्प राहिले. आणि संध्याकाळी घरी झाकण मीही काढलं होतं. प्याले नाही. पण काढलं होतं.”

अक्कांनी गोदीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “ठेवून जा मग पोरीला.”

“तिला ठेवायला नाही आले. मलाही ठेवून घ्या.”

“नवरा जित्ता असताना भावकीत येऊन ऱ्हानार? लोक काय म्हनतील?”

“आता म्हणतात तेच.”

“किती दिवस?”

“ते मला माहीत नाही.”

अक्कांनी खराटा माझ्या हातात दिला नाही. माझ्यापुढं जमिनीवर ठेवला आणि चरवी घेऊन धारेला निघून गेल्या. मी गाठोडं गोदीजवळ दिलं, पदर खोचला, खराटा घेतला आणि अक्कांनी जिथवर झाडत आणलं होतं तिथून पुढं झाडायला लागले.